श्रवणाची नवी सनद

महाराष्ट्राचा विद्याव्यासंग पुष्कळ अंशी कानांनी झालेला आहे. अक्षरओळख मूठभरांपुरती मर्यादित होती त्या शतकांतही भागवतातील कथा, वेदान्तातील प्रमेये आणि संतांची चरित्रे खेड्यापाड्यांतल्या निरक्षर कुणब्याला व त्याच्या घरातल्या बायकांना परिचित होती, ती देवळाच्या सभामंडपात उभ्या राहिलेल्या कीर्तनकारामुळे, चातुर्मासात पोथी सांगणाऱ्या पुराणिकामुळे आणि एकादशीच्या रात्री जागवलेल्या भजनामुळे. ज्ञानेश्वरी आज आपण छापील ग्रंथात वाचतो. परंतु तिची घडण श्रोत्यांना समोर बसवून केलेल्या निरूपणाची आहे, आणि नवव्या अध्यायाचा आरंभच ज्ञानदेव श्रोत्यांपाशी अवधान मागून करतात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवेचन करताना पहिला समास श्रवणाला दिला. ऐकण्याच्या विषयांची लांबलचक यादी तेथे मांडून झाल्यावर, त्यातले ग्राह्य कोणते आणि त्याज्य कोणते हे ठरविण्याचा भार ते शेवटी श्रोत्यावर टाकतात. इंग्रजी अंमलात मुद्रणाचा प्रसार झाला, तरी ही वहिवाट मोडली नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हे तिचेच नागर आणि लौकिक रूप होते, आणि पुस्तके विकत घेऊ शकणाऱ्या पांढरपेशांनाही विद्वानाच्या तोंडून विषय ऐकण्याची ओढ किती असते, हे तिच्या दीर्घायुष्याने सिद्ध केले आहे.

या परंपरेच्या ओघात आता पॉडकास्ट हे नवे साधन येऊन दाखल झाले आहे. इंटरनेटवरून मिळणारी, भागाभागांनी प्रसिद्ध होणारी आणि श्रोत्याला वाटेल तेव्हा ऐकता येणारी ध्वनिमुद्रित मालिका, असे त्याचे साधे वर्णन करता येईल. लोकलच्या गर्दीत कानात इअरफोन घालून उभा असलेला विद्यार्थी पाहिला की हा तरुणांच्या करमणुकीचा एक प्रकार असावा, असा अनेकांचा ग्रह होतो. माझ्या मते या साधनाचे महत्त्व त्याहून बरेच मोठे आहे, आणि ते श्रोत्याच्या हाती आलेल्या एका स्वामित्वात आहे. काय ऐकावे, केव्हा ऐकावे, कोठे थांबावे आणि कोणता भाग पुन्हा ऐकावा, यांचा निर्णय आजवर वक्ता, देवस्थान, व्याख्यानमालेची समिती किंवा नभोवाणी केंद्र करीत असे. तो आता सर्वस्वी ऐकणाऱ्याचा झाला आहे. जेथे स्वामित्व येते तेथे दायित्वही येते, आणि या दोहोंचा विचार एकत्र केल्याखेरीज पॉडकास्टचे सुख आणि त्याचे मोल नीट कळणार नाही.

हे स्वामित्व किती नवे आहे हे समजण्यासाठी नभोवाणीच्या इतिहासाकडे थोडे वळून पाहिले पाहिजे. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. तीन वर्षे पुरी होण्याच्या आतच कंपनी बुडाली, सरकारने तिचा कारभार आपल्या ताब्यात घेतला, आणि जून १९३६ मध्ये त्या खात्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. रेडिओसंच घरी बाळगावयाचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, आणि ठरलेली फी भरून त्याचे नूतनीकरणही करावे लागे. असे असूनही या यंत्राने मराठी मनावर केवढे राज्य केले! १९५३ साली पुणे केंद्र सुरू झाले, आणि १९५५ च्या रामनवमीपासून तेथून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे ध्वनिक्षेपित होऊ लागले. छप्पन्न गीतांचा तो उपक्रम पुढच्या वर्षापर्यंत चालला आणि त्या गीताच्या वेळेभोवती हजारो घरांची सकाळ आखली गेली. पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारख्या लेखकांनी आकाशवाणीच्या नोकरीत उमेदीची वर्षे घालविली, आणि बोलली जाणारी मराठी कशी स्वच्छ, नेटकी आणि जिवंत ठेवावी याचा वस्तुपाठ तेथे तयार झाला.

नभोवाणीचे हे ऋण मान्य करूनही तिची एक अट विसरता येत नाही. ती अट वेळेची होती. कार्यक्रम ठरलेल्या घटकेला होई. त्या घटकेला जो शेतात, गिरणीत किंवा स्वयंपाकघरात अडकला असेल, त्याला पुनःप्रसारणाची वाट पाहावी लागे, आणि ते न झाल्यास तो कार्यक्रम त्याच्यापुरता नाहीसा होई. दिवसाचे तास मोजके आणि लहरी मोजक्या असल्यामुळे बहुसंख्य लोकांना रुचेल असेच विषय निवडणे केंद्राला प्राप्त होते. मूठभर जिज्ञासूंना एखाद्या विषयावर तासभर ऐकावेसे वाटते, म्हणून केंद्राने तो तास त्यांना द्यावा, अशी मागणी न्याय्य असली तरी व्यवहार्य नव्हती.

ही अट दूर होण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली गोष्ट आवाजाचे आकारमान घटविण्याची. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे अतिसूक्ष्म चढउतार; ते अंकांत लिहून ठेवावयाचे असतील, तर सीडीच्या पद्धतीत सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतात, प्रत्येक माप १६ द्विमान अंकांत नोंदवितात, आणि डाव्या व उजव्या बाजूंची वेगळी नोंद ठेवतात. या हिशेबाने एका सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० अंक लागतात, आणि तासाभराच्या संभाषणाचे दप्तर सुमारे ६३५ मेगाबाइटचे होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस घरगुती टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला फार तर ५६ हजार अंक येत. त्या गतीने एका तासाचे बोलणे उतरवून घेण्यास पंचवीस तास लागले असते. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी ज्या पद्धतीवर अनेक वर्षे परिश्रम केले, तिचा आधार मानवी कानाचा एक स्वभावधर्म आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्या निकटच्या पट्टीतला लहान आवाज कानाला मुळी ऐकूच येत नाही. मग जे ऐकू येणार नाही ते लिहून ठेवण्याचा खटाटोप कशासाठी करावयाचा? जेथे कान उदासीन असतो तेथे अंकांची काटकसर करावयाची आणि जेथे तो सावध असतो तेथे मुक्तहस्ताने खर्च करावयाचा, हे तत्त्व वापरून एमपी३ ही पद्धत सिद्ध झाली, आणि तीत साध्या बोलण्याचा तासाभराचा मजकूर सुमारे २९ मेगाबाइटमध्ये मावू लागला. या संशोधनातील एक हकिकत मला फार अर्थपूर्ण वाटते. पद्धतीची कसोटी घेण्यासाठी ब्रांडेनबर्ग यांनी सुझान वेगा या गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांच्या साथीविना म्हटलेले गीत पुनःपुन्हा वापरले, कारण एकट्या मानवी कंठातला अल्पसा बिघाडही कानाला तत्काळ खटकत असे. मनुष्याचा कान मनुष्याच्या आवाजाविषयी इतका दक्ष आहे, ही गोष्ट पुढील विवेचनातही उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट पोहोचविण्याच्या तजविजीची. ज्याप्रमाणे मासिकाच्या वर्गणीदाराला दर महिन्याला दुकानात चौकशी करावी लागत नाही, अंक निघाला की टपालाने तो घरी येतो, त्याप्रमाणे नव्या मजकुराची वार्ता वाचकाच्या संगणकाला आपोआप कळविणारी आरएसएस नावाची एक व्यवस्था इंटरनेटवर आधीच प्रचारात होती. डेव्ह वायनर या अमेरिकन आज्ञावलीकाराने २००० सालाच्या अखेरीस त्या व्यवस्थेत ध्वनीची फाइल जोडण्याची सोय केली; नभोवाणीत निवेदनाचा अनुभव असलेल्या अ‍ॅडम करी यांनी तिचा पाठपुरावा केला; आणि २००३ मध्ये क्रिस्टोफर लायडन या पत्रकाराच्या मुलाखती या मार्गाने प्रसिद्ध होऊ लागल्या. तिसरी गोष्ट खिशात मावणाऱ्या यंत्राची. ती ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या आयपॉडने आणि नंतर मोबाइलने पुरविली. जून २००५ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये सुमारे तीन हजार पॉडकास्टची सूची समाविष्ट केली, तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच दहा लाख वर्गण्या नोंदल्या गेल्या. २०१४ साली अमेरिकेत ‘सीरियल’ ही एका जुन्या खुनाच्या खटल्याची फेरतपासणी करणारी मालिका निघाली, आणि पीबडी पारितोषिक मिळविणारा पहिला पॉडकास्ट हा मान तिला लाभला. तेव्हापासून या प्रकाराकडे केवळ हौशी लोकांचा उद्योग म्हणून पाहणे कोणालाही शक्य राहिले नाही.

या तपशिलातील सर्वांत मोलाची बाब अशी की आरएसएसवर कोणाचीही मालकी नाही. ज्याच्यापाशी बरा मायक्रोफोन, शांत खोली आणि सांगण्याजोगे काही आहे, त्याला लहरींचे वाटप मागण्याची किंवा कोणत्याही कचेरीत दरखास्त करण्याची गरज उरलेली नाही. वेळापत्रकच नसल्यामुळे एका विषयाने दुसऱ्या विषयाची जागा अडविण्याचा प्रश्नही संपला. शेदोनशे श्रोत्यांना आस्था असलेला विषय लाखोंच्या विषयाशेजारी नांदू शकतो, आणि आज प्रसिद्ध झालेला भाग पाच वर्षांनी एखाद्याला सापडला तरी तो त्याच्यासाठी ताजाच असतो.

आता सुखाचा विचार करू. पॉडकास्टचे पहिले सुख म्हणजे विस्ताराचे सुख. वर्तमानपत्राच्या रकान्याला आणि दूरदर्शनवरील चर्चेला जागेची किंवा मिनिटांची कात्री असते. त्यामुळे विधान ऐकू येते पण त्यामागची विचारप्रक्रिया ऐकू येत नाही. याच्या उलट उदाहरण म्हणून बीबीसीच्या ‘इन अवर टाइम’ या मालिकेकडे बोट दाखविता येईल. ऑक्टोबर १९९८ मध्ये नभोवाणीवर सुरू झालेली आणि पॉडकास्टच्या अगदी आरंभकाळातच उतरवून घेण्यासाठी खुली झालेली ही मालिका मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ पर्यंत चालविली आणि तिचे हजारांहून अधिक भाग झाले. रचना अतिशय साधी आहे. एक विषय, सामान्यतः तीन विद्यापीठीय अभ्यासक, पाऊण तासाचा अवधी, आणि प्रश्न विचारणारा असा एक मनुष्य की ज्याने अभ्यास करून येऊनही अज्ञ श्रोत्याची बाजू सोडलेली नाही. सम्राट अशोक असो, भगवद्गीता असो की प्रकाशकण असो, तज्ज्ञाने पारिभाषिक शब्दाचा आश्रय घेतला की ब्रॅग त्याला थांबवीत आणि तीच गोष्ट उघड करून सांगावयास लावीत. दोन तज्ज्ञांचे मत जेथे जुळत नसे, तेथे तो मतभेद झाकून न ठेवता त्याची कारणे बाहेर काढीत. पुस्तकात निष्कर्ष घट्ट बसलेले असतात. येथे ते बसताना ऐकू येतात, आणि विद्वत्ता ही पुराव्याशी सतत चाललेली झटापट आहे, याची जाणीव सामान्य श्रोत्याला पहिल्यांदा होते. मराठीतही ‘मित्रम्हणे’ किंवा ‘अमुक तमुक’ यांसारख्या मालिकांतून दीर्घ, मोकळ्या गप्पांना प्रतिष्ठा मिळू लागली आहे, आणि ‘तीन गोष्टी’, ‘गोष्ट दुनियेची’ यांसारख्या बीबीसी मराठीच्या मालिकांनी घडामोडींची मांडणी कानांसाठी करण्याचा परिपाठ घातला आहे.

दुसरे सुख आवाजाचे. लिहिलेल्या वाक्यात अर्थ असतो. बोललेल्या वाक्यात अर्थाबरोबर बोलणाऱ्याची खात्री, त्याचा संकोच, शब्द सापडेपर्यंतचा त्याचा विराम आणि आवडत्या विषयाला हात घालताच त्याच्या स्वरात चढणारे तेज, हे सारे असते. साथीविना गायलेल्या कंठातला सूक्ष्म बिघाड ओळखणारा कान या छटाही नकळत टिपतो. शिवाय दृश्य दिसत नसल्यामुळे ते उभे करण्याचे काम श्रोत्याच्या कल्पनेवर येते, आणि स्वतः उभे केलेले दृश्य मनात अधिक खोल रुजते, असा अनेकांचा अनुभव आहे.

तिसरे सुख हातांच्या मोकळेपणाचे. हाताला काम आणि कानाला सोबत ही जोड महाराष्ट्राला मुळीच नवी नाही. पहाटेच्या दळणाबरोबर बायकांनी रचलेल्या ओव्यांचा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी चिकाटीने केला, आणि त्यात एक लाखांहून अधिक ओव्या जमल्या. इतके प्रचंड वाङ्मय श्रमाच्या संगतीने निर्माण झाले, ही वस्तुस्थितीच श्रम आणि श्रवण यांच्या नात्याची साक्ष देते. भाजी निवडणारी गृहिणी, सूत जुळविणारा कारागीर, रात्रीच्या पाळीचा पहारेकरी, घाटातून मालमोटार चालविणारा चालक, यांना पुस्तक हाती घेऊन बसण्याची सवड नसते. त्यांच्या दिवसातील जे तास निव्वळ राबण्यात जात, ते आता शिकण्याचेही होऊ शकतात. शिक्षणाची संधी ही सवडीची मिरास असू नये, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी या एका गोष्टीसाठी तरी पॉडकास्टचे स्वागत केले पाहिजे.

चौथे सुख सोबतीचे, आणि ते थोडे जपून वर्णन करावे लागेल. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९५६ साली असे दाखवून दिले की नभोवाणी व दूरदर्शन यांवरील निवेदकाशी श्रोत्याचे एकतर्फी परंतु खरेखुरे वाटणारे सख्य जडते. पॉडकास्टमध्ये तो आवाज थेट कानात येतो, आठवड्यामागून आठवडे येतो, आणि कुटुंबातील मनुष्यासारखा सहज बोलतो. त्यामुळे हे सख्य अधिकच गाढ होते. एकाकी वृद्धाला, परगावी खोली घेऊन राहिलेल्या विद्यार्थ्याला किंवा परदेशात मराठी शब्द कानावर पडण्यासाठी आसुसलेल्या मनुष्याला त्याचा आधार वाटतो, आणि तो खराही आहे. मात्र सख्यामुळे विश्वास उत्पन्न होतो आणि विश्वासामुळे परीक्षणशक्ती मंदावते, हेही तितकेच खरे. निवेदक स्वतःच्या आवाजात एखाद्या वस्तूची जाहिरात करतो, तेव्हा तो याच विश्वासाचा मोबदला घेत असतो.

सुखाकडून मोलाकडे वळले की काही लाभ अगदी स्पष्ट दिसतात. अंध व्यक्तीला, दृष्टी अधू झालेल्या वृद्धाला आणि वाचनाची सवय न लागलेल्या प्रौढाला ज्ञानाचा हा दरवाजा कोणाच्या मदतीवाचून उघडता येतो. बोलीभाषांना तर कानांचे माध्यम विशेष मानवते. मालवणीचा हेल, अहिराणीची लय किंवा वऱ्हाडीचा ठसका लिपीत अर्धामुर्धाच उतरतो. ध्वनिमुद्रणात तो जसाच्या तसा राहतो, आणि त्या बोलीत गंभीर विषय बोलला गेला की ती केवळ विनोदासाठी असते, हा दीर्घकाळचा गैरसमजही ओसरू लागतो. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत देवनागरीची सवय लवकर सुटते. पण कानांनी समजणारी मराठी टिकून राहते, आणि तिला खाद्य मिळत गेले तर ती वाढतेही.

आता दायित्वाची बाजू. ऐकणे हे वाचण्याच्या तोडीचे आहे काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात फात्मा डेनिझ, जॅक गॅलंट आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नऊ जणांना त्याच कथा एकदा ऐकविल्या आणि एकदा वाचावयास दिल्या. त्या वेळी मेंदूत अर्थाचे आकलन ज्या ज्या भागांत नोंदले गेले, त्यांचे नकाशे दोन्ही वेळा जवळजवळ एकसारखे आढळले. म्हणजे शब्द कानावाटे आला की डोळ्यांवाटे, अर्थाच्या दालनात पोहोचल्यावर त्याची व्यवस्था सारखीच लागते. पण ही झाली आकलनाची गोष्ट. स्मरणाची गोष्ट निराळी असू शकते. डेव्हिड डॅनियल आणि विल्यम वूडी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच मजकूर काही विद्यार्थ्यांना वाचण्यास आणि काहींना पॉडकास्टच्या रूपाने ऐकण्यास दिला होता, आणि नंतरच्या परीक्षेत ऐकणारे विद्यार्थी वाचणाऱ्यांच्या मागे पडले.

या दोन निष्कर्षांत विरोध नाही. वाचताना डोळा वारंवार मागे जातो, अवघड ओळीवर रेंगाळतो, सोपी ओळ झपाट्याने ओलांडतो. वाचनाची गती वाचकाच्या समजुतीशी आपोआप जुळत राहते. ऐकताना गती बोलणाऱ्याची असते, आणि मन क्षणभर दुसरीकडे गेले तरी आवाज थांबत नाही. त्यातून हाताला काम असले, तर अवधान आणखी विभागले जाते. ओळखीची भांडी घासताना इतिहास ऐकणे सुकर, पण अनोळखी रस्त्यावर गाडी हाकताना सिद्धान्त ऐकणे निष्फळ आणि धोक्याचेही. म्हणून थांबण्याचा, मागे जाण्याचा आणि दुसऱ्यांदा ऐकण्याचा जो हक्क या साधनाने दिला आहे, तो बजावणारा श्रोताच त्याचा खरा लाभ घेतो. दीडपट किंवा दुप्पट वेगाने भागामागून भाग संपविणाऱ्याला संख्येचे समाधान मिळते. परंतु विचार पचण्यास लागणारी उसंत त्याने स्वतःच खर्चून टाकलेली असते. उपनिषदांनी श्रवणापाठोपाठ मनन आणि निदिध्यासन सांगितले, तो क्रम आजही जसाच्या तसा लागू आहे.

दुसरे दायित्व निवडीचे. परवान्याची अट गेली, तिच्याबरोबर संपादकाची चाळणीही बहुतेक ठिकाणी गेली. वैद्यकी, गुंतवणूक, इतिहास आणि राजकारण या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारा प्रत्येक आवाज अधिकारी असतोच असे नाही. अशा वेळी श्रोत्याने काही साध्या कसोट्या जवळ ठेवाव्यात. बोलणारा मनुष्य माहिती आणि तर्क यांच्यात फरक करतो काय? आपल्या विधानाचा आधार सांगतो काय? प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत समर्थ रूपात मांडतो काय? पूर्वीच्या भागात चूक झाली असल्यास ती पुढच्या भागात दुरुस्त करतो काय? आणि या उपक्रमाचा खर्च कोण सोसतो, हे उघड आहे काय? या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तर आवाज गोड नसला तरी तो ऐकावा. न मिळाली, तर तो कितीही गोड असला तरी सोडावा.

तिसरे दायित्व मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याविषयीचा उत्तम पुरावा महाराष्ट्राच्याच भूमीत आहे. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमधून एक प्रयोग केला. कॅनडातील शेतकऱ्यांच्या नभोवाणी मंडळांचा आदर्श समोर ठेवून प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ स्थापण्यात आले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. मंडळी एकत्र बसून तो ऐकत, संच बंद करून त्यावर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न व निर्णय यांचा अहवाल पुण्याला जाई. पुढील कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे मिळत. एकंदर वीस कार्यक्रम झाले. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या वतीने समाजशास्त्रज्ञ पॉल नॉइरात यांनी या प्रयोगाची पाहणी केली, आणि त्यांनी तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली होती: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओही नाही अशी. निष्कर्ष निःसंदिग्ध होता. मंडळे असलेल्या गावांत शेती, आरोग्य आणि गावव्यवस्था यांविषयीच्या ज्ञानात मोठी भर पडली. केवळ रेडिओ असलेल्या गावांत ती त्या मानाने फारच थोडी होती. इतकेच नव्हे, तर ऐकून आणि बोलून झाल्यावर कित्येक मंडळांनी विहिरी खोदणे, जातिवंत वळू आणणे, बालवाडी काढणे अशी कामेही हाती घेतली. पुढे १९५९ पासून ही योजना देशाच्या इतर भागांत नेण्यात आली.

या प्रयोगाचा धडा पॉडकास्टच्या श्रोत्याने मनावर घेण्यासारखा आहे. यंत्र तेच, आवाज तोच, मजकूर तोच. ज्या गावात ऐकल्यावर माणसे एकमेकांशी बोलली, तेथे ज्ञान रुजले, आणि जेथे ती न बोलता उठून गेली, तेथे ते बरेचसे विरून गेले. कीर्तन, पुराण आणि व्याख्यानमाला यांच्यात ही सोय अंगभूतच होती, कारण श्रोते शेजारी शेजारी बसत आणि घरी परतताना ऐकलेल्या विषयाची उजळणी होई. इअरफोनने श्रोत्याला स्वामी केले खरे, पण त्याच वेळी त्याला एकटेही केले. वेळेवरचे स्वामित्व ठेवून हा एकटेपणा दूर करणे आपल्या आवाक्यात आहे. घरात एकाने ऐकलेला भाग जेवताना इतरांना सांगावा. मित्रांनी ठरवून एकच मालिका ऐकावी आणि आठवड्याने तिच्यावर बोलावे. शिक्षकाने वर्गात दहा मिनिटांचा उतारा ऐकवून मुलांकडून प्रश्न काढून घ्यावेत. महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत, गावोगावी बचत गट आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत. त्यांपैकी प्रत्येकाला आठवड्यातून एकदा श्रवणमंडळ भरविता येईल. अर्धा तास ऐकावे, तासभर चर्चा करावी, न सुटलेले प्रश्न वहीत उतरवावेत, आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी पुढच्या आठवड्याला ग्रंथालयातले पुस्तक किंवा गावातला जाणकार मनुष्य गाठावा.

१९५६ साली त्या गावांना केंद्राच्या घटकेशी स्वतःला बांधून घ्यावे लागले, आणि सरकारी खाते व आंतरराष्ट्रीय संस्था यांचे पाठबळ असल्याशिवाय ते कार्य झाले नसते. आज त्याच कार्याला एक मोबाइल, एक साधा स्पीकर आणि चर्चेचा लगाम हाती धरणारा एक समंजस मनुष्य पुरेसा आहे. विषय गावाने निवडावा, वेळ गावाने ठरवावी, आणि न समजलेला भाग गावाला हवा तितक्या वेळा पुन्हा लावावा. श्रवणाच्या या नव्या सनदेत हक्क पुष्कळ आहेत. ते एकेकट्याने भोगले तर दिवस सुखात जातील. चार माणसे जमवून भोगले, तर गावाची समज वाढेल, आणि हा दुसरा उपयोग करून पाहण्यास कोणाच्याही हुकुमाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.